गाडी कोण चालवत होतं

४ मार्च

छोट्या,

आशीर्वाद नंतर, आधी शिव्या. चव्वेचाळीस वर्षांचा घोडा झालास, बावीस वर्षं ड्रायव्हरकी केलीस, तरी अक्कल शून्यच? माझ्या सख्ख्या भावाला अटक झाली हे मला टीव्हीवरून कळावं? शाळेच्या गणवेशांच्या बाह्या जोडत बसले होते. मान वर केली तर समोर तू, तोंडावर टॉवेल ओढलेला. टॉवेलावरूनच ओळखलं, मीच दिला होता तो.

तेव्हापासून घरी माणसांची रीघ लागली आहे. शेजारची नर्स ड्यूटीवरून थेट माझ्याकडे येते. इस्त्रीवाला म्हणतो, ताई, भाऊ सुटेपर्यंत तुमच्या कपड्यांचे पैसे घेणार नाही. आणि सगळ्यांचं म्हणणं एकच. सायकलवरच्या त्या मुलीला गाडी तुझ्या साहेबानं, त्या सिनेमातल्या हिरोनं ठोकली आणि प्रकरण तुझ्या गळ्यात घातलं. अरे, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल! हॉस्पिटलच्या गेटवरचा व्हिडिओ साऱ्या जगानं पाहिलाय. गाडी येते, ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडतं आणि उतरतं कोण? तुझे साहेब. शर्ट रक्तानं माखलेला. तू मागच्या सीटवरून धडपडत उतरतोस. ड्रायव्हर मागे आणि मालक पुढे, असं कधी झालंय का? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

नर्सनं त्याचं पोस्टर फाडलं. गेली नऊ वर्षं तिच्या कपाटाच्या दाराला होतं. म्हणाली, एवढा पैसा काय सरळ मार्गानं येतो? ह्या लोकांना माणूस म्हणजे रस्त्यावरचा खडा.

तू फक्त एक वाक्य बोल. 'गाडी साहेब चालवत होते.' बाकीचं आम्ही पाहतो. तुझ्या भाऊजींनी वकिलाशी बोलणं केलंय.

जेवतोस ना? पाठीचा पट्टा आत लावू देतात का?

ताई

११ मार्च

प्रिय ताई,

पत्र मिळालं. इथे येणारं-जाणारं प्रत्येक पत्र ऑफिसात वाचतात आणि शिक्का मारतात. तुझ्या शिव्या वाचून क्लार्क हसत होता. म्हणाला, बहीण थोरली दिसते. जेवतो. पट्टा देतात.

आता नीट वाच. गाडी मी चालवत होतो.

दुपारचे चार वाजून दहा मिनिटं झाली होती. वाचनालयाच्या पुढे रस्ता अरुंद होतो, तिथे ती मुलगी सायकलवर होती. वाचनालयातच नोकरीला होती हे मला नंतर कळलं. माझा वेग पस्तीसचा. पस्तीस म्हणजे काहीच नाही गं. डावा आरसा तिच्या हँडलला लागला, ती पडली आणि डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं. पस्तीसच्या वेगात माणूस मरतं, हे मला बावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

साहेब मागे बसून संवाद पाठ करत होते. माझ्याआधी तेच उतरले. तिला उचललं त्यांनीच, रक्त लागलं ते तेव्हा. माझे पाय गेले होते, ताई. क्लचवर पाय ठेवला तर तो नुसता थडथड उडायचा. ते म्हणाले, "पायलट, मागे बस. तिचं डोकं धर." आणि स्वतः पुढे बसले. अकरा वर्षांत त्यांनी चाक हातात घेतलं नव्हतं. दुसरा गिअर टाकला तो हॉस्पिटलपर्यंत बदललाच नाही. इंजिन रडत होतं आणि मी तिचं डोकं मांडीवर धरून बसलो होतो. दोन तासांनी ती गेली.

साहेब काही देवमाणूस नाहीत. सगळ्या ड्रायव्हरांना पायलट म्हणतात, कारण नाव लक्षात ठेवायचा कंटाळा. माझी रजा तीनदा विसरले. लोकांना तासन्‌तास ताटकळत ठेवतात. पण हे त्यांनी केलेलं नाही. त्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर तिला तिथेच टाकून घरी गेला असता आणि व्हिडिओही निघाला नसता.

माझी नजर हटली, एवढंच. का हटली ते विचारू नकोस. वकिलाचं राहू दे.

तुझा छोट्या

१६ मार्च

छोट्या,

पत्र वाचलं. दोनदा वाचलं. वर शिक्का आहे, म्हणजे तू मला लिहिलेलं नाहीस, त्या ऑफिसातल्या माणसाला लिहिलंस. कळतं मला. लहानपणीही मास्तर समोर असले की तू असाच पोपटासारखा बोलायचास.

'पुढे बसले, तिचं डोकं धर म्हणाले.' वा! हे कुणी लिहून दिलं, त्याच्या लेखकानं? त्याच्या सिनेमात शोभेल. किती कबूल केलेत तुला? घर? माझ्या चिमीच्या लग्नाचा खर्च? तसलं काही असेल तर ऐक, मला तुझ्या जिवाच्या बदल्यात काही नको. आणि हाच माणूस ना तो, आई जात होती तेव्हा ज्यानं तुला सोडलं नाही? मी सतरा फोन केले होते. तू उचलला नाहीस. का, तर गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही हा तुझा नियम. तू आलास तेव्हा सगळं आटोपलं होतं. तेव्हा मी तुला जे बोलले ते बोलायला नको होतं. पण विसरलेही नाही.

आणि त्याच नियमानं आता तुला वाचवलंय, ऐक.

त्या दिवशी चारच्या सुमाराला मी तुला फोन केला होता. चिमीच्या होणाऱ्या सासूसमोर माझ्या तोंडून निघून गेलं होतं की साखरपुड्याला हिरोचा शुभेच्छांचा व्हिडिओ येईल, माझा भाऊ त्याच्या घरचाच आहे. ती रोज विचारायची, कधी येतोय, कधी येतोय. म्हणून फोन लावत बसले. चौथ्या वेळी तू उचललास. "बोल ताई" म्हणालास आणि फोन तुटला. मला वाटलं रेंज गेली. माझ्या मोबाईलवर वेळ दिसते, चार वाजून दहा मिनिटं.

आता तूच सांग. आई मरत असताना ज्यानं फोन उचलला नाही, तो गाडी चालवताना एका व्हिडिओसाठी उचलेल? नाही. म्हणजे तुझे हात मोकळे होते. म्हणजे चाक दुसऱ्याच्या हातात होतं. मी हे वकिलाला सांगितलं तर तो खुर्चीतून उठलाच. म्हणाला, बाई, तुम्ही भावाला सोडवलंत.

गुरुवारी मी तुमच्या शहरात पोलिसांकडे जबाब द्यायला येतेय. तुला शिक्क्याची भीती असेल, मला नाही.

ताई

१८ मार्च

ताई,

हात जोडतो. जबाब देऊ नकोस. त्या फोनचं कुणापाशी बोलू नकोस. वकिलाला सांग, आठवत नाही. भेटायला ये, मी समोरासमोर सांगतो. पण आधी काही बोलू नकोस. क्लार्कला विनवून हे आजच पाठवतोय.

छोट्या

२४ मार्च

छोट्या,

तुझी चिठ्ठी मी परत आल्यावर मिळाली. बरंच झालं. तू किती घाबरला आहेस ते त्या चार ओळींत दिसलं. भेटीसाठी अर्ज दिला होता, पण तुम्हाला म्हणे पंधरा दिवसांतून एकच वार, आणि तो नेमका होऊन गेलेला.

जबाब दिला. पोलिसांनी खुर्ची दिली, चहा दिला. मी सगळं सांगितलं, नियम, सतरा फोन, चार वाजून दहा मिनिटं. फौजदार लिहून घेत होते आणि मधूनमधून माझ्याकडे बघत होते. शेवटी म्हणाले, तुमच्यासारखी बहीण सगळ्यांना मिळो. त्याच संध्याकाळी हिरोला धरलं! बघितलंस का टीव्ही? नाही, तुला कुठला दाखवणार. बंगल्याबाहेर एवढी माणसं जमली की पोलिसांनाच आत जाता येईना. गाडीत घालताना कुणीतरी त्याच्या तोंडावर शाई फेकली. नर्स टाळ्या वाजवत होती. मीही वाजवल्या, खोटं कशाला सांगू.

टीव्हीवाल्यांनी माझी मुलाखत घेतली. मशीनवर बसूनच बोला म्हणाले. आता बाजारात गेले की भाजीवाली हात धरते. चिमीची सासू म्हणते, आता हिरोचा व्हिडिओ कशाला, तुमचाच पाहिलाय सगळ्यांनी. कालपर्यंत मी कोण होते? बाह्या जोडणारी बाई.

वकील म्हणतात, महिन्याभरात सुटशील. दाढी कर. गालफडं बसली असतील तुझी.

ताई

३० मार्च

ताई,

हे पत्र एकटी असताना वाच. भाऊजींनाही देऊ नकोस.

आईचं सगळं आटोपल्यावर तू दारात उभी राहून मला म्हणालीस, "आता तुझा नियम कवटाळून बस." त्यानंतर चार महिने माझ्याशी बोलली नाहीस. मी त्याच आठवड्यात नियम मोडला. सगळ्यांसाठी नाही. फक्त तुझ्यासाठी. ताईचं नाव दिसलं की उचलायचा, मग काही का होईना. तुला कळलं नाही, कारण मी "बोल ताई" म्हणायचो आणि तू बोलत सुटायचीस. मी कुठे आहे, हे तू कधी विचारलं नाहीस. एका हातानं चाक धरून मी तुझ्या सासूच्या तक्रारी ऐकल्यात, चिमीच्या परीक्षेचे गुण ऐकलेत. दोन वर्षं काही झालं नाही.

त्या दिवशी फोन सीटच्या फटीत घसरला होता. तीनदा वाजून थांबला. चौथ्यांदा वाजला. वाटलं, चिमीला काहीतरी झालं. मी खाली वाकलो, काढला, "बोल ताई" म्हणालो. मान वर केली तेव्हा सायकल आरशात होती.

मी तुझ्यावर ढकलत नाही. हात माझा, नजर माझी. तू व्हिडिओसाठी फोन करत होतीस हे मला तुझ्या पत्रातूनच कळलं. ते पत्र मी फाडून टाकलं, तुझ्यावर रागावून नाही, मला ते पुन्हा वाचवत नव्हतं म्हणून. हे तुला कधीच सांगायचं नव्हतं. शिक्षा भोगून गपचूप बाहेर यायचं, असं ठरवलं होतं. पण आता दुसरा माणूस आत आलाय.

साहेबांना इथेच आणलंय. पलीकडच्या बराकीत आहेत. पहिल्याच दिवशी कुणीतरी त्यांच्या ताटात थुंकलं आणि सगळे हसले. मला मात्र पोरं उठून जागा देतात, गरिबाचा माणूस म्हणून. काल नळावर गाठ पडली. मला वाटलं मारतील. त्यांनी नुसतं विचारलं, "पायलट, तुझं खरं नाव काय रे?" सांगितलं. त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं. मग म्हणाले, "मी खरं सांगतोय हे माझ्या वकिलालाही पटत नाही. तो म्हणतो, कबूल करून टाका, लोक शांत होतील."

त्यांची मुलगी दहा वर्षांची आहे. मीच शाळेत सोडायचो. तिला शाळेतून काढलं म्हणे, पोरं गाडीचा आवाज काढून तिच्या अंगावर धावतात.

ताई, श्रीमंतांनी ड्रायव्हरांच्या माथी मारलेले अपघात मी कमी पाहिलेत का? आमच्या स्टँडवर तसले तीन जण आहेत. म्हणूनच माझं कुणाला खरं वाटत नाही. पण तुझं वाटेल. तुझ्या एका शब्दावर त्यांना धरलं, तुझ्याच शब्दावर सोडतील. जा आणि सांग.

छोट्या

२१ एप्रिल

छोट्या,

बावीस दिवस तुला पत्र नाही. त्यातले अकरा मी काय केलं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुला माझी कीव येणार नाही.

तुझं पत्र मी पिठाच्या डब्याखाली ठेवलं आणि गप्प बसले. मनाशी म्हटलं, त्याच्याकडे दहा वकील आहेत, छोट्याकडे मी एकटी. तो सुटेलच कधीतरी, पैसेवाले सुटतातच. बंगला आहे, बँका आहेत. आणि आपण तरी त्याच्याकडून आजवर काय घेतलंय, एक व्हिडिओसुद्धा नाही. असं मी स्वतःला समजावत होते आणि बाह्या उलट्या जोडत होते. आठ गणवेश उसवावे लागले. तू ढकलत नाहीस म्हणालास. ढकललं असतंस तर बरं झालं असतं रे, निदान भांडता आलं असतं.

बाराव्या दिवशी उठले आणि गाडी पकडली. वाटेत कुणाशी बोलले नाही. तेच पोलिसांचं ऑफिस, तेच फौजदार. म्हणाले, या या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. तू माझा फोन उचलायचास, गाडी चालवतानाही उचलायचास. तुझं पत्र पुढे केलं. त्यांनी वाचलं, घडी घालून परत दिलं आणि विचारलं, "बंगल्यावरून कोण आलं होतं?"

मी म्हटलं, कुणी नाही.

"मग बाई, किती ठरले?"

मी रडले. ओरडले. आईची शपथ घेतली. ते म्हणाले, जेलमधल्या माणसाकडून पत्र लिहून घेणं काय अवघड आहे? पहिला जबाब तुम्ही मनानं दिला होता, हा दबावाखाली देताय. आणि खरोखरच तसंच लिहिलं. 'दबावाखाली' हा शब्द मी माझ्या डोळ्यांनी वाचला. मी खोटं बोलले तेव्हा चहा दिला होता. खोटं तरी कसं म्हणू, मला ते खरं वाटत होतं. आता खरं बोलले तर शिपायानं दार दाखवलं.

मी घरी पोचायच्या आत टीव्ही पोचला होता. 'बहीण फिरली. किती कोटींना?' नर्स समोरून गेली, बघितलं नाही. इस्त्रीवाला कपड्यांचं गाठोडं तसंच चुरगळलेलं दारात ठेवून गेला. शाळेनं गणवेश दुसरीकडे दिले. फक्त चिमीची सासू गोड बोलते. म्हणाली, आता तुम्हाला काय कमी आहे, हॉल जरा मोठाच घ्या. ह्यांनी विचारलं, "खरंच काही आलंय का?" माझा नवरा, छोट्या. पंचवीस वर्षांचा संसार.

मग मी त्या सायकलवरच्या मुलीच्या वडिलांकडे गेले. म्हटलं, जगात एक तरी माणूस असेल ज्याला खरं हवं असेल, तर तो हाच.

जिन्याखाली एवढंसं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे त्यांचं. डोळ्याला भिंग लावून बसले होते. मी सांगत गेले, ते ऐकत राहिले. भिंग काढलंच नाही. माझ्यावर विश्वास ठेवणारे ते एकटेच, हे तुला सांगते. म्हणाले, "असेल. तुमचा चेहरा खोटं बोलणाऱ्याचा नाही."

मी त्यांचे पाय धरायला वाकले. ते म्हणाले, "थांबा. आजपर्यंत सव्वाशे माणसं माझ्याकडे आली. मंत्री आले. वाचनालयाला तिचं नाव देणार आहेत. ती हिरोच्या गाडीखाली गेली म्हणून. तुमच्या भावानं मारली म्हटलं की हा एक अपघात. दोन ओळी, आतल्या पानावर. मग माझ्या पोरीचं नाव कोण घेणार?"

मी म्हटलं, पण तो माणूस आत आहे हो, त्यानं तर तिला उचललं.

म्हणाले, "त्याच्याजवळ पुष्कळ आहे. माझ्याजवळ एवढंच." आणि चिमट्यानं चाक उचललं.

आता कुणाकडे जाऊ? सगळीकडे जाऊन आले. मला झोप नाही, मशीनवर बसलं की हात चालत नाहीत. तू मोठा झालास रे कधी? मला कळलंच नाही. मी तुला फोन करत राहिले आणि तू उचलत राहिलास.

ताई

२६ एप्रिल

प्रिय ताई,

तू गेलीस, सांगितलंस. मला पुष्कळ झालं. आईच्या वेळचं माझ्या मनातून गेलं, तुझ्याही जाऊ दे. भाऊजींवर रागावू नकोस. सगळं जग विचारतंय, त्यांनीही विचारलं.

परवा मला कोर्टात नेलं होतं. माझ्यावरचा आरोप काढला. आता मी साक्षीदार. मी उभा राहून म्हणालो, गाडी मी चालवत होतो. न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि फार मायेनं म्हणाले, "घाबरू नका. तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही." मागे बसलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब कठड्यात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, राहू दे म्हटल्यासारखी. त्यांच्या वकिलानं कबुलीचा कागद तयार केलाय. मुलीला घेऊन कुठेतरी लांब जायचं तर आधी हे संपायला हवं, असं त्यांच्या मनानं घेतलंय.

उद्या सकाळी दहाला मला सोडतील. ड्रायव्हरांच्या संघटनेनं बँड सांगितलाय. हार आणणार आहेत, उघड्या गाडीतून नेणार आहेत. आज सकाळपासून इथली पोरं हात मिळवायला रांग लावून येताहेत. प्रत्येक हात हातात घेतला की मला तिच्या डोक्याचं वजन जाणवतं. हे मी कुणाला सांगू?

दुपारी जेलरसाहेबांकडे गेलो. विचारलं, मी बाहेर गेलो नाही तर चालेल का? त्यांना वाटलं गंमत करतोय. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी मला बसवलं, कपाटातून नियमांचं जाडजूड पुस्तक काढलं आणि बराच वेळ पानं उलटत राहिले. माणूस भला आहे.

शेवटी पुस्तक मिटून म्हणाले, "नाही रे बाबा. निर्दोष माणसाला आत ठेवायची सोय नाही."

छोट्या